कंपनीच्या मेडिक्लेममध्ये बाळाचं नाव कसं लागतं

बाळंतपणाचा खर्च कंपनीच्या मेडिक्लेममध्ये बसतो, हे नोकरीला लागल्यापासून सगळ्यांना ठाऊक असतं. त्यामुळे बाळही त्यात आपोआप येत असेल, असा बहुतेकांचा समज असतो. तसं होत नाही. आई पॉलिसीत आहे, वडील आहेत, हॉस्पिटल नेटवर्कमधलं आहे, तरी कुणीतरी कळवल्याशिवाय विमा कंपनीच्या लेखी ते बाळ जन्मलेलंच नसतं. कळवायला मुदत असते. बऱ्याच पॉलिसींत ती ३० दिवसांची, काहींत १५, तर काहींत ४५ किंवा ६० दिवसांची असते. ती टळली तर पुढच्या नूतनीकरणापर्यंत, म्हणजे कदाचित दहा-अकरा महिने, बाळ विम्याबाहेर राहतं.

एक खुलासा आधीच करतो. या लेखात ‘कंपनी’ म्हणजे पगार देणारी. विमा देणारीला सगळीकडे विमा कंपनीच म्हटलं आहे. या दोघींची गल्लत झाली की नेमका प्रश्न कुणाला विचारायचा हेच कळेनासं होतं.

ग्रुप मेडिक्लेम हा तुमचा आणि विमा कंपनीचा करार नसतो. तो तुमच्या कंपनीनं विमा कंपनीशी केलेला एका वर्षाचा करार असतो. पॉलिसीधारक कंपनी, आणि तुम्ही व तुमच्या घरचे म्हणजे त्या कराराला जोडलेल्या लांबलचक यादीतली नावं. कुटुंब कुणाला म्हणायचं हेही करारातच लिहिलेलं असतं. कुठे कर्मचारी, जोडीदार आणि दोन मुलं, तर कुठे शिवाय आईवडील किंवा सासूसासरे. वर्ष सुरू होताना ही यादी पक्की होते आणि मग अध्येमध्ये कुणाला घालता येत नाही. अपवाद मोजकेच: नव्यानं रुजू झालेला कर्मचारी, नव्यानं लग्न झालेल्याचा जोडीदार आणि नवजात किंवा दत्तक घेतलेलं बाळ.

या अटीला विमा कंपनीचा खडूसपणा म्हणून चालणार नाही. वाटेल तेव्हा नाव घालता आलं असतं, तर लोकांनी आजारी पडल्यावरच नावं घातली असती. तहान लागल्यावर विहीर खणायची मुभा दिली, तर त्या विम्याचा हप्ता कुणालाच परवडायचा नाही. लग्न आणि जन्म यांना तारीख असते, कागदी पुरावा असतो, म्हणून त्यांच्यापुरती सवलत आहे. तीही ठरावीक दिवसांची.

आता आपल्याकडच्या रीती आणि ही मुदत शेजारी शेजारी ठेवून पाहा. पहिलं बाळंतपण माहेरी. नोकरी हिंजवडीत आणि प्रसूती लातूरला. नाव ठरणार बाराव्या दिवशी बारशाला, आणि राशीचं अक्षर, आत्याची पसंती, आजोबांची हरकत यांत तेही लांबण्याची शक्यता जास्त. बाळंतीण सव्वा महिना घराबाहेर पडत नाही. बाळाचे वडील शनिवार-रविवारी येऊन जाऊन असतात. जन्मदाखला आणायचं काम मामाकडे सोपवलेलं असतं आणि मामा रोज ‘आणतो की’ म्हणत असतो. सव्वा महिना म्हणजे सदतीस-अडतीस दिवस, पॉलिसीची मुदत तीस. सगळं रीतीप्रमाणे आणि वेळच्या वेळी झालं तरी मुदत आधी संपते.

म्हणून आग्रह एकाच गोष्टीचा. बाळ जन्मलं की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, एचआरला मेल जायला हवा. नाव ठरलेलं नसलं, दाखला हातात नसला, तरी जायला हवा. हॉस्पिटलात बाळाच्या मनगटाला किंवा पायाला जी पट्टी बांधतात तिच्यावर ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचं नाव असतं. विमा कंपन्यांना हे नाव चांगलं परिचयाचं आहे आणि पुष्कळदा बाळाची पहिली नोंद त्याच नावानं होते. मेलमध्ये कर्मचारी क्रमांक, आईचं पॉलिसीतलं नाव जसंच्या तसं, बाळाची जन्मतारीख, मुलगा की मुलगी आणि हॉस्पिटलचं नाव-गाव एवढं पुरतं. सोबत हॉस्पिटलनं दिलेला जन्माचा कागद किंवा डिस्चार्ज समरी जोडता आली तर उत्तमच. ‘दाखला आणि पक्कं नाव मिळताच पाठवतो’ ही ओळ मात्र हवीच.

कंपनीचं पोर्टल असेल तर तिथंही नोंद करा, पण मेलला पर्याय म्हणून नव्हे. काही पोर्टलं जन्मदाखला चढवल्याशिवाय पुढे सरकतच नाहीत. तिथं हॉस्पिटलचा कागद चढवून पाहावा, नाही जमलं तर अडलेल्या पडद्याचा स्क्रीनशॉट मेलला जोडून टाकावा. एचआरमधल्या मित्राला व्हॉट्सॲपवर पेढ्यांचा फोटो पाठवणं म्हणजे कळवणं नव्हे. पुढे वाद झालाच, तर तारीखवार मेलइतका भक्कम पुरावा दुसरा नसतो.

पॉलिसी आईच्या नोकरीची असेल तर आणखी एक अडचण असते. ती रजेवर, लॅपटॉप कपाटात नाहीतर कंपनीत जमा, आणि पोर्टल ऑफिसच्या लॉगिनशिवाय उघडत नाही. मुदत संपत आल्याची आठवण करणारा मेल अशा इनबॉक्समध्ये जाऊन पडतो जो तीन महिने कुणी उघडणार नाही. रजेवर जाण्याआधीच एचआरकडे आपला खासगी ईमेल नोंदवून ठेवावा आणि बाळाची नोंद नवऱ्यानं किंवा भावानं कळवली तर चालेल ना, हे लेखी विचारून घ्यावं.

जन्मदाखल्याची मुदत वेगळी आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ प्रमाणे जन्म जिथे झाला तिथल्याच निबंधकाकडे तो २१ दिवसांत नोंदवायचा असतो. गावात हे काम ग्रामपंचायतीत होतं, शहरात नगरपालिकेत किंवा महापालिकेत. हॉस्पिटलात जन्म झाला असेल तर निबंधकाला कळवण्याची जबाबदारी हॉस्पिटलची असते. लातूरला जन्मलेल्या बाळाचा दाखला लातूरचाच निघणार. बाप पुण्यात राहतो म्हणून पुण्याच्या वॉर्ड ऑफिसात खेटे घालून उपयोग नाही. २१ दिवस उलटले तर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंद होते, त्यापुढे वर्षाच्या आत वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते आणि वर्ष गेलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. नोंद करायला नाव लागत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. नावाची जागा मोकळी ठेवून दाखला घेता येतो आणि वर्षाच्या आत नाव घालायला शुल्क पडत नाही. बारशाची वाट पाहायचं कारण इथंही नाही.

हॉस्पिटलात जो फॉर्म भरून घेतात त्यावरूनच निबंधक नोंद करतात. तो फॉर्म बहुधा घाईत, कुणातरी मावशीनं किंवा काकांनी तोंडी सांगितलेल्या माहितीवर भरला जातो. आईचं नाव आधारवर माहेरचं, पॉलिसीत सासरचं आणि फॉर्मवर तिसरंच, असं झालं की पुढे क्लेमच्या वेळी ‘हीच आई कशावरून’ हा प्रश्न येतो. तो फॉर्म आईनं किंवा वडिलांनी स्वतः वाचून सही करावी. १ ऑक्टोबर २०२३ ला या कायद्यातली दुरुस्ती लागू झाली आणि त्या तारखेपासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, पासपोर्ट अशा कामांत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा ठरला. त्यामुळे त्यातली चूक आता फार काळ छळते. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांची नावं सरकारी कागदपत्रांत बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव अशा क्रमानं लिहायची आहेत. पोर्टलवरच्या ‘मधलं नाव’ या एका चौकटीत यातलं कोणतं बसवायचं, हा घोळ होणारच. नियम साधा ठेवा: दाखल्यावर जे आणि जसं, तेच विम्यात.

एचआरला कळवल्यावर पुढे काय होतं ते पाहू. बाळाची माहिती एचआर ब्रोकरकडे देतो. बहुतेक ठिकाणी महिन्यातून एकदा, आलेल्यागेलेल्यांच्या एकत्र यादीत. ब्रोकर ती विमा कंपनीकडे पाठवतो. विमा कंपनी जास्तीचा हप्ता काढते. पॉलिसीचा दर माणशी असेल तर उरलेल्या दिवसांपुरता हप्ता लागतो, कुटुंबामागे असेल तर काहीच लागत नाही. विमा अधिनियम, १९३८ च्या कलम ६४ व्हीबीनं हप्ता हातात आल्याशिवाय जोखीम घ्यायला मनाई केली आहे, म्हणून कंपन्या विमा कंपनीकडे आधीच काही रक्कम ठेव म्हणून भरून ठेवतात. तिला या धंद्यात सीडी बॅलन्स म्हणतात. बाळाचा हप्ता त्यातून वळता होतो आणि पॉलिसीला एक जोडपत्र लागतं, ते एन्डॉर्समेंट. मग टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं क्लेम हाताळणाऱ्या संस्थेच्या, संगणकात बाळाचं नाव चढतं आणि ई-कार्ड निघतं. या चार हातांतून जायला दोन-चार आठवडे सहज लागतात. सीडी बॅलन्स संपलेला असेल तर ती एन्डॉर्समेंट अडकून पडते आणि यात कर्मचाऱ्याचा काही दोष नसतो. महिन्याभरात ई-कार्ड आलं नाही, तर ‘सीडी बॅलन्स आहे ना?’ असं एचआरला सरळ विचारावं. या प्रश्नानं फाइल हलते.

पॉलिसीचं वर्ष संपत आलेलं असताना बाळ जन्मलं तर दुप्पट लक्ष ठेवा. समजा, पॉलिसी १ एप्रिलला नवी होते आणि बाळ २५ मार्चला झालं. नव्या वर्षाची यादी तेव्हा कधीच तयार होऊन गेलेली असते. बाळाचं नाव जुन्या पॉलिसीत लागतं आणि नव्या यादीत राहून जातं. अशा वेळी दोन्ही पॉलिसींचा उल्लेख करूनच मेल करावा.

आता पैशांकडे येऊ. इथे जरा थांबून वाचायला हवं, कारण नाव लागलं म्हणजे खर्च मिळालाच, असं नसतं.

बाळ सुदृढ असेल तर त्याचा वेगळा हिशेब होत नाही. बालरोगतज्ज्ञांची तपासणी, बीसीजी, पोलिओचा शून्य डोस, हिपॅटायटिस-बी हे सगळं आईच्या बिलात किंवा प्रसूतीच्या पॅकेजमध्ये जातं आणि प्रसूतीच्या मर्यादेत मोजलं जातं. बाळाला त्रास झाला, दिवस भरण्याआधी जन्मलं, श्वास नीट घेईना, कावीळ वाढली म्हणून फोटोथेरपीखाली ठेवावं लागलं, तर हॉस्पिटल त्याला वेगळं दाखल करतं. त्याचा स्वतःचा आयपीडी नंबर पडतो, स्वतःची फाइल होते, स्वतःचं बिल निघतं. हे बिल कोणत्या खात्यातून जाणार हे पॉलिसीतल्या एका ओळीवर ठरतं: नवजात बाळाचं कव्हर प्रसूतीच्या मर्यादेत आहे की कुटुंबाच्या मूळ विमा रकमेत.

समजा, कुटुंबाची विमा रक्कम ५ लाख आहे आणि प्रसूतीची मर्यादा ६० हजार. सिझेरियनचं बिल १ लाख १० हजार झालं आणि बाळ एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, राहिलं त्याचे १ लाख ४० हजार. बाळाचं कव्हर प्रसूतीच्या मर्यादेत असेल, तर अडीच लाखांपैकी ६० हजार मिळतील आणि १ लाख ९० हजार खिशातून जातील. तेच मूळ विमा रकमेत असेल, तर प्रसूतीचे ६० हजार आणि बाळाचे १ लाख ४० हजार असे दोन लाख मिळून खिशातून ५० हजार जातील. हप्ता तोच, हॉस्पिटल तेच, फरक त्या एका ओळीचा. ती ओळ सातव्या महिन्यात वाचायची असते. कंपनीनं पॉलिसीचं नुसतं रंगीत माहितीपत्रक दिलं असेल, तर मूळ अटींचा कागद मागा. कंपनीनं ‘कॉर्पोरेट बफर’, म्हणजे अडीअडचणीच्या मोठ्या बिलांसाठी वेगळा राखीव निधी घेतला आहे का, आणि तो नवजात बाळाला लागू आहे का, हेही तेव्हाच विचारून घ्या.

जन्मजात व्यंगाचा मुद्दाही आहे. विम्याच्या व्याख्येत त्याचे दोन प्रकार आहेत: बाहेरून दिसणारं आणि शरीराच्या आतलं. हृदयाला भोक असणं आतलं, दुभंगलेला ओठ बाहेरचा. आतल्या व्यंगाचा उपचार बऱ्याच ग्रुप पॉलिसींत बसतो, बाहेरचं बहुधा वगळलेलं असतं, ‘जीवाला धोका असेल तर’ अशी अट कुठेकुठे असते. ओठाची शस्त्रक्रिया हौसेची असल्यासारखी वगळणारं हे वर्गीकरण मला पटत नाही, पण पॉलिसीत ते आहे.

बाळाचं ई-कार्ड यायच्या आत ते दाखल झालं, तर हॉस्पिटलचा विमा कक्ष टीपीएकडे विनंती पाठवतो आणि ‘सदस्य सापडत नाही’ असं उत्तर येतं. घाबरू नका. एचआरनं किंवा ब्रोकरनं टीपीएला ‘बाळाची नोंद प्रक्रियेत आहे, जन्मतारखेपासून कव्हर द्यावं’ असा मेल टाकला की बरेचदा आईच्या कार्डावर, ‘बेबी ऑफ’ नावानं, कॅशलेस मार्गी लागतं. कॅशलेसच्या विनंतीवर तासाभरात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय द्यायचा, असं विमा नियामकानं मे २०२४ मध्ये विमा कंपन्यांना सांगितलं आहे. तरीही जमलं नाही, तर पैसे भरा आणि नंतर मागा. त्यासाठी बाळाची डिस्चार्ज समरी आणि बिल आईच्यापेक्षा वेगळं, मूळ प्रतीत घ्या. दोघांचं एकच बिल काढलं असेल तर काउंटर सोडण्याआधी वेगळं करून मागा. बिलातून काय कापलं जाणार याची एक ठरलेली यादी असते, आणि तिची सुरुवातच ‘बेबी फूड’नं होते. दूध, डायपर, बेबी किट यांचे पैसे मिळतील अशी आशा ठेवू नका.

दोघंही नोकरी करत असतील तर बाळाचं नाव दोन्हीकडे लावावं. एका पॉलिसीची रक्कम संपली की उरलेल्या बिलाचा क्लेम दुसरीकडे करता येतो. त्यासाठी पहिल्या विमा कंपनीचं किती पैसे दिले याचं पत्र लागतं. एकच खर्च दोनदा मात्र मिळत नाही. दुसऱ्या खेपेला जुळं झालं आणि कुटुंबात दोनच मुलांना जागा असेल, तर बऱ्याच पॉलिसी तिसऱ्याला सामावून घेतात, पण ते लिहिलेलं आहे का ते पाहावं लागतं. दत्तक बाळाचे दिवस सहसा दत्तकाच्या आदेशापासून मोजले जातात, जन्मापासून नाही.

महिना २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्यांचा मामला वेगळा आहे. त्यांना ईएसआयचं, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचं, संरक्षण असतं. तिथं जन्मदाखला देऊन कुटुंबाच्या नोंदीत बाळाचं नाव घालायचं असतं. मध्येच मुदत संपून वर्षभर दार बंद झालं, असा प्रकार तिथं नाही. तरी दवाखान्यात अडवणूक नको असेल तर नाव लवकर घातलेलं बरं.

नोकरीनिमित्त अमेरिकेत असलेल्यांनीही लक्षात ठेवावं, की तिथं कंपनीच्या विम्यात बाळाला घालायला कायद्यानं किमान ३० दिवस मिळतात आणि त्या मुदतीत कळवलं तर कव्हर जन्माच्या दिवसापासून धरलं जातं. बाळाचा सोशल सिक्युरिटी नंबर यायची वाट पाहत बसू नये. तिथली एनआयसीयूची बिलं पाहता तो उशीर इथल्यापेक्षा कितीतरी महाग पडतो.

मुदत गेलीच तर? आधी एचआरमार्फत विमा कंपनीला उशीर माफ करण्याची लेखी विनंती करा. कंपनी मोठी असेल तर तिच्या शब्दाला वजन असतं आणि अशा विनंत्या मान्य होतात. तुम्ही वेळेत मेल केला होता आणि गफलत पुढे झाली, तर तो मेल दाखवून कंपनीलाच जाब विचारा. क्लेम चुकीनं नाकारला असेल तर विमा कंपनीच्या तक्रार कक्षाकडे जा. महिनाभरात समाधान झालं नाही, तर विमा लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, ग्रुप पॉलिसीतल्या माणसालाही. मुंबईत आणि पुण्यात लोकपालांची कार्यालयं आहेत.

नाव वेळेत लागलं तरी हे कव्हर नोकरीबरोबर येतं आणि नोकरीबरोबर जातं. घरच्या स्वतंत्र पॉलिसीत बाळाला सहसा ९१ व्या दिवसापासून घेतात. ती तारीख कॅलेंडरवर खूण करून ठेवा, विशेषतः आई किंवा वडील नोकरी बदलायच्या विचारात असतील तर.

आणि ई-कार्ड आलं की ते नुसतं मोबाइलमध्ये जपून ठेवू नका. उघडून तीन गोष्टी वाचा: नाव, जन्मतारीख आणि कव्हर सुरू झाल्याची तारीख. शेवटच्या दोन तारखा एकच असायला हव्यात. नसतील, तर त्याच दिवशी एचआरला दुसरा मेल करा.